नवव्या ग्रीनवर मेंढरं

नोकरीचं शेवटचं पोस्टिंग घराजवळ द्यावं असा अर्ज मी केला होता. फौजेनं तो मंजूर केला आणि मला परभणी जिल्ह्यात पाठवलं. डेपोच्या पाण्याच्या टाकीवर चढलं की आमच्या बोरीला जाणारी एसटी दिसायची. इथं फौजेचा डेपो आहे हे परभणीतल्याच बऱ्याच लोकांना ठाऊक नाही. लहान डेपो, जिंतूरच्या अंगाला, माळावर. त्याचं नाव मी लिहिणार नाही. ते लिहायचं नसतं, आणि लिहून उपयोगही नाही. जीपवाले त्याला नुसतं 'मिलट्री' म्हणतात.

मी पायदळाचा सुभेदार. बर्फ, जंगल आणि सीमेवरचे बंकर यांत उमेदीची सगळी वर्षं काढलेला माणूस. हजर झालो त्या सकाळी अॅडज्युटंट साहेबांनी, म्हणजे डेपोचा रोजचा कारभार बघणाऱ्या अधिकाऱ्यांनी, मला समोर उभं केलं.

"सुभेदार साब, आज से आप गोल्फ कोर्स देखेंगे."

फौजेत कोर्स म्हणजे ट्रेनिंग. मॉर्टरचा कोर्स, सिग्नलचा कोर्स, अगदी स्वयंपाकाचासुद्धा कोर्स असतो. मी कडक सावधान होऊन विचारलं, "सर, कोर्स कितने हफ्ते का है?"

"नौ होल का," साहेब म्हणाले आणि पुढची फाईल उघडली.

बाहेर जाऊन मी तो कोर्स पाहिला. नऊ होल, म्हणजे जमिनीत पुरलेले नऊ लहान डबे, एकेकात झेंडा रोवलेला. लांबून काठीनं चेंडू मारत आणायचा आणि कमीत कमी फटक्यांत डब्यात घालायचा, एवढाच खेळ. डब्याभोवती बारीक कापलेलं गवत असतं, त्याला ग्रीन म्हणतात. आमच्याकडं पाण्याची बोंब, त्यामुळं आठ ठिकाणी गवताऐवजी तेल मारलेली वाळू होती. खरं गवत फक्त नवव्या होलला, मेससमोर, आणि तेही आज आहे तर उद्या नाही. बाकी सगळी काळी माती. पावसाळा सरला की तिला भेगा पडायच्या. साहेब लोकांचे चेंडू त्यात गडप व्हायचे.

या सगळ्याचा मालक असल्यासारखा जो माणूस वागायचा, तो लिंबाजी शिंगाडे, डेपोचा गोल्फ प्रो. प्रो म्हणजे पगार घेऊन गोल्फ शिकवणारा उस्ताद. लिंबाजी जिंतूरच्या डोंगराकडचा धनगर. शिपाई म्हणून भरती झाला, उत्तरेतल्या एका मोठ्या छावणीत साहेबांच्या गोल्फच्या पिशव्या वाहायला लागला, आणि हळूहळू पिशवीतल्या काठ्यांवर त्याचा हात बसला. रिटायर होईपर्यंत तो प्रोची परीक्षा पास झाला होता. आमच्या डेपोनं त्याला ठेवून घेतलं.

नम्रपणा हा प्रकार लिंबाजीच्या गावावरून गेला नव्हता. पांढरी टोपी, पांढरी पॅन्ट, खिळ्यांचे बूट. ते बूट तो घरीही घालून जायचा, सारवलेल्या जमिनीला भोकं पाडायचा आणि बायकोच्या शिव्या खायचा. समोर कर्नल असो की लेफ्टनंट, शिकवताना त्याचं एकच वाक्य: "मुंडी हिलाव मत, साब. मुंडी उठाये तो बॉल गया समझो." एका ब्रिगेडियर साहेबांनी एकदा लागोपाठ फटके मातीत मारले. लिंबाजीनं त्यांच्या हातातली काठी काढून घेतली आणि म्हणाला, "नांगरट झाली साहेब. पेरणी कवा करायची?" साहेबांनी मला अर्थ विचारला. मी सांगितलं, "सर, कह रहे हैं, हाथ में बहुत ताकत है." साहेब खूश झाले. लिंबाजी माझ्यावर दोन दिवस रागावला.

त्याची सगळ्यात मोठी बढाई टोपीची. गोल्फमध्ये एक रिवाज आहे. शेवटच्या होलवर खेळ संपला की खेळणारे डोक्यावरची टोपी काढतात आणि एकमेकांशी हात मिळवतात. प्रो जवळ असला तर त्याच्याशीही. लिंबाजी नेहमी जवळ असायचाच. कुणी मोठा साहेब आठव्या होलवर दिसला, की हा हातातलं काम टाकून नवव्यावर जाऊन उभा. टोपी निघाली, हात मिळाला, की परत कामाला. मग गावी जाऊन सांगायचा, "जनरल लोक मला टोपी काढत्यात."

"काढत्यात का घालत्यात?" गाव विचारायचं. फसवण्याला आपल्याकडं टोपी घालणं म्हणतात, हे लिंबाजीलाही माहीत होतं. तो चिडायचा. सगळ्यात जास्त हसायची ती त्याची बायको, गयाबाई. "जनरल टोपी काढायलाय म्हनं. हितं कोतवाल ह्यांला राम राम घालीना."

मी डेपोत असतानाच एका सकाळी लिंबाजी सातव्या होलवर गेला. गेला म्हणजे वारला. हार्ट अटॅक. त्या वेळी त्याच्याकडं शिकत होते ते डेपोचे डॉक्टर, एक लेफ्टनंट कर्नल. त्यांनी हातातली काठी टाकून करायचं ते सगळं केलं. उपयोग झाला नाही. नंतर बरेच दिवस ते गोल्फला आले नाहीत. मला फार वाईट वाटलं. ज्याच्याशी रोज सकाळी भांडायचं तो माणूस नसला की दिवस कुठून सुरू करायचा ते समजत नाही.

डेपोच्या कमांडंट कर्नल साहेबांनी ठरवलं, कोर्सला लिंबाजीचं नाव द्यायचं. कागद वर गेले आणि परत आले. नाव लढाईत पडलेल्याचं देतात, नाहीतर मोठ्या अधिकाऱ्याचं. लिंबाजी दोन्हींत बसत नव्हता. कर्नल साहेबांनी पुन्हा लिहिलं की तो ड्यूटीवर पडला. वरून विचारणा झाली की गोल्फ शिकवणं ही ड्यूटी कशी. शेवटी इन्स्पेक्शनला येणाऱ्या जनरल साहेबांनी निरोप दिला, मी स्वतः येऊन कोर्सवर खेळतो आणि मग सांगतो, तोवर बोर्ड करून झाकून ठेवा. म्हणजे आता सगळं एका सकाळवर आलं. कोर्स साहेबांच्या मनात भरला तर नाव लागणार, नाहीतर बोर्ड स्टोअरमध्ये धूळ खाणार.

हे सांगायला मी गयाबाईंकडं गेलो. दिवाळी होऊन गेली होती आणि त्यांची मेंढरं डोंगरावरून उतरून रानोरान बसायला लागली होती. हे बसणं शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. पीक निघालेल्या रानात धनगर रात्री मेंढरं कोंडतो. भोवती जाळी लावतो, तिला वाघूर म्हणतात. रात्रभर मेंढरं तिथं लेंड्या टाकतात, मुततात, आणि जमिनीला असं खत मिळतं की दोन वर्षं दुसरं घालायला नको. रानमालक त्याबदल्यात धान्य देतो. याला आमच्याकडं मेंढरं बसवणं म्हणतात.

"वहिनी, या तुमी कार्यक्रमाला," मी म्हणालो. "मोठे जनरल यायलेत. बोर्ड लागला तर तुमच्याच हातानं पडदा काढायचाय."

"बोर्डाचं मला काय कळतंय, भावजी. मला निसतं एक बघायचंय."

"काय?"

"त्यो जनरल टोपी काढतो का न्हाई. जल्मभर म्या ह्यांला हासले. खरं असलं तर लय वंगाळ केलं म्या."

"आन् खोटं असलं तर?"

"तर बरूबर हासले." त्या हे हसूनच म्हणाल्या, पण माझ्याकडं न बघता, एका कोकराचा पाय बघत.

रिवाज काय आहे ते मी तिथंच सांगू शकलो असतो. टोपी लिंबाजीसाठी निघत नव्हती, खेळ संपला म्हणून निघत होती. माझ्या तोंडून ते निघालं नाही. मी एवढंच म्हणालो, "नवव्या होलवर या. त्यो जिथं उभा राहायचा तिथंच तुमाला उभं करतो. मेंढरंबी घेऊन या, मागं लय माळ पडलाय."

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी बोर्ड आणायला परभणीला गेलो. पेंटरनं नाव झकास काढलं होतं आणि नावाखाली एकमेकींवर तिरप्या ठेवलेल्या दोन हॉकी स्टिक.

"अहो, हा गोल्फ आहे," मी म्हणालो.

"काठीच हाय की साहेब तीबी."

मी समोर बसून त्या काठ्या बदलून घेतल्या. त्यात संध्याकाळ झाली. डेपोत पोचलो तेव्हा मेस अंधारात होती; साहेब लोकांचं जेवण त्या रात्री गेस्ट हाऊसवर होतं. बोर्ड स्टोअरमध्ये ठेवला आणि झोपलो.

मी नसताना डेपोत काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. ते आधी सांगतो.

गयाबाई दुपारनंतर मेंढरं घेऊन मागच्या गेटनं आल्या. तिथं त्यांना भेटले कॅप्टन बरुआ. हे आमचे गोल्फ सेक्रेटरी, म्हणजे कोर्सचा कारभार सांभाळणारे अधिकारी. आसामचे, वयानं लहान, स्वभावानं गोड, आणि मराठी शिकायचीच असा हट्ट धरलेले. रोज माझ्याकडून पाच शब्द घ्यायचे. त्या आठवड्यात 'बसणे' चालू होतं. बसा, बसतो, बसवा. चालून दमलेली बाई आणि तिची दमलेली मेंढरं बघून साहेबांना वाटलं, सगळ्यांना जरा टेकू द्यावं. नवव्या ग्रीनच्या पलीकडं बाभळीची सावली होती. त्यांनी तिकडं हात केला आणि त्या आठवड्याचा धडा म्हणून दाखवला.

"ताई, मेंढ्या इथे बसवा."

त्यांचा हात बाभळीकडं होता, पण वाटेत ग्रीन होतं. गयाबाईंनी विचारलं, "हितं? ह्या गवतावर?"

कॅप्टन साहेबांना प्रश्न आहे एवढंच कळलं. पाहुण्याशी कसं बोलायचं तेही मीच शिकवलं होतं. ते म्हणाले, "हो हो. आपलंच समजा. आरामात बसवा. रात्रभर." आणि जनरल साहेबांच्या मुक्कामाची व्यवस्था बघायला डेपोच्या दुसऱ्या टोकाला गेस्ट हाऊसकडं निघून गेले.

सकाळी साडेसहाला जनरल साहेब पहिल्या होलवर उभे राहिले. उंच, टकले, शिस्तीचे कडक. गोल्फचे नियम त्यांना पाठ आहेत असं आम्हाला आधीच कळवण्यात आलं होतं. माळावर धुकं होतं, त्यामुळं पन्नास पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. मी सॅल्यूट करून नवव्याकडं निघालो. वाटेतच वॉकीटॉकी वाजला. नवव्यावर नुकता ड्यूटीला पोचलेला हवालदार यादव बोलत होता.

"होल नाइन टू सुभेदार साब. ग्रीन पर कब्जा हो गया है. ओवर."

"किसका कब्जा? ओवर."

"सर, भेड़. ओवर."

"कितनी? ओवर."

"सर, घास नहीं दिख रही. ओवर."

मी धावलो. इतका मी शेवटच्या दहा वर्षांत गोळीबारातही धावलो नव्हतो.

यादवनं रिपोर्ट बरोबर दिला होता. नवव्या ग्रीनभोवती वाघूर ताणलेली, तिच्या खुंट्या ग्रीनमध्येच ठोकलेल्या, आणि आत लोकरच लोकर. मधोमध झेंडा, आणि झेंड्याच्या काठीला अंग घासत एक एडका. बाजूला गयाबाई नवं लुगडं नेसून बसल्या होत्या. चेहऱ्यावर समाधान.

"वहिनी, ह्ये काय केलं?"

"बसवली की. तुमच्या त्या कवळ्या साहेबानंच सांगितलं. म्हनला, आपलंच समजा, रातभर बसवा. लय गुनाचं लेकरू."

मला सगळा उलगडा झाला. त्यावर बोलायला वेळ नव्हता. वॉकीटॉकीवर कर्नल साहेब आले होते. जनरल साहेबांबरोबर खेळता खेळता, तोंड आड करून, दबक्या आवाजात.

"सुभेदार साब, सिच्युएशन? ओवर."

मी सिच्युएशन सांगितली.

"हम तीसरे होल पर हैं. भेड़ हटाओ. सफाई करो. और लेडी को पिछले गेट से बाहर. इज्जत से. ओवर."

मेंढरं हलवायला अडचण आली नाही. गयाबाईंनी जिभेनं एक आवाज काढला आणि सगळी उठून बाभळीखाली गेली. आम्ही खुंट्या उपटल्या, वाघूर गुंडाळली. खाली राहिल्या लेंड्या. यादवची माणसं खराटे घेऊन पुढं आली. पहिला खराटा फिरला मात्र, गयाबाई ताडकन उठल्या.

"ए. झाडायलाव काय? खत हाय त्ये."

"वहिनी, जनरल साहेब यायलेत."

"येऊ द्या की. ह्येच म्हनायचे, नवव्याचं गवत धरंना, लय करून बघितलं, धरंना. म्हनून तर बसवली. दुसऱ्याच्या रानात बसवली असती तर जवारी भेटली असती मला. हितं फुकट बसवली. सवताच्या रानाचं कोन घेतंय?"

यादव उत्तर प्रदेशचा. त्याला यातलं अक्षरही समजलं नसणार. पण त्यानं खराटा खाली केला आणि माझ्याकडं बघायला लागला. मीही खाली बघायला लागलो. या बाईनं सबंध रात्र थंडीत बसून नवऱ्याच्या जमिनीला तिच्याकडचं सगळ्यात चांगलं ते दिलं होतं, आणि तिला मागच्या गेटनं बाहेर काढायचा हुकूम माझ्या हातात होता.

वॉकीटॉकी पुन्हा वाजला. "सातवें पर हैं. भेड़? ओवर."

"सर, भेड़ हट गई. ओवर."

"और लेडी? ओवर."

"सर, लेडी अपनी पोजिशन पर है. ओवर."

"गुड. आउट."

पोजिशन म्हणजे गेटबाहेर, असं कर्नल साहेबांनी धरलं. मी तसं म्हणालो नव्हतो. फौजेत वरिष्ठांशी खोटं बोलत नाहीत, पण थोडक्यात बोलायला कुणाची ना नाही. मी गयाबाईंना ग्रीनच्या कडेला लिंबाजीच्या जागेवर उभं केलं. लेंड्या निम्म्या झाडून झाल्या होत्या, निम्म्या तशाच होत्या.

धुकं निवळलं तेव्हा जनरल साहेब येताना दिसले. पाचव्या होलला त्यांचा चेंडू भेगेत गेला होता, त्यामुळं स्वारी आधीच तापलेली. त्यांचा फटका मात्र चांगला बसला. चेंडू ग्रीनवर आला आणि लेंड्यांच्या मधोमध थांबला. मागोमाग साहेब आले, उभे राहिले आणि खाली बघितलं.

"कर्नल, ये क्या है?"

कर्नल साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी स्कोअर लिहायला त्यांच्याबरोबर आलेल्या कॅप्टन बरुआंकडं पाहिलं. कॅप्टन साहेबांनी लेंड्या पाहिल्या, गयाबाई पाहिल्या, बाभळीखालची मेंढरं पाहिली, आणि बसवणे या शब्दाला आणखी एक अर्थ असावा हे त्यांना तिथं उभ्या उभ्या कळलं. तोंड पांढरं पडलं, पण माणूस डगमगला नाही.

"सर, लूज इम्पेडिमेंट्स, सर."

म्हणजे चेंडूच्या वाटेत पडलेली सुटी वस्तू. पान, काडी, खडा. गोल्फच्या नियमात लेंडीही त्यातच येते. उचलून बाजूला करता येते, दंड बसत नाही.

जनरल साहेबांनी क्षणभर विचार केला. "करेक्ट," ते म्हणाले. "तो उठाइये."

कमांडंट कर्नल साहेब वाकले. त्यांच्यामागं कॅप्टन बरुआ वाकले. डॉक्टर साहेबही खेळात होते, तेही वाकले. तिघं दोन बोटांनी एकेक लेंडी उचलायला लागले.

"अगं बया," गयाबाईंनी पदर तोंडाला लावला. "साहेब लोक लेंड्या येचायलेत." मग मला म्हणाल्या, "भावजी, त्यांला म्हनाव फेकू नका. कडंच्या गवतात टाका."

"क्या कह रही हैं?" जनरल साहेबांनी विचारलं.

"सर, कह रही हैं, फेंकिये मत. किनारे की घास में डालिये."

जनरल साहेबांनी गयाबाईंकडं पाहिलं, कर्नल साहेबांकडं पाहिलं आणि म्हणाले, "डालो."

वाट मोकळी झाली. जनरल साहेब चेंडूवर उभे राहिले. पहिला टोला अलीकडं थांबला. दुसरा होलच्या कडेवरून निसटून पलीकडं गेला.

"मुंडी हलली," गयाबाई शांतपणे म्हणाल्या.

याचं भाषांतर मी केलं नाही. तिसऱ्या टोल्याला चेंडू आत पडला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझं लक्ष फक्त साहेबांच्या टोपीवर होतं. जनरल साहेबांनी होलमधून चेंडू काढला, न्याहाळला, पुसला. कर्नल साहेब टोपी काढून, हात पुढं करून उभे होते. जनरल साहेब त्या हाताकडं न बघता जीपच्या दिशेनं चालायला लागले.

मी गयाबाईंकडं बघितलं. पदर तोंडावरून खाली आला होता. डोळे साहेबांच्या पाठीवर होते आणि त्या हसत नव्हत्या. मला वाटलं, हिला इथं बोलावलं नसतं तर बरं झालं असतं.

चार-पाच पावलांवर साहेब थांबले. आयुष्यभराची सवय रागालाही ऐकत नाही. ते वळले, टोपी काढली, कर्नल साहेबांशी हात मिळवला, डॉक्टरांशी मिळवला, आणि तिसरा माणूस लिंबाजीच्या जागेवर उभा होता म्हणून त्यांचा हात सवयीनं तिकडंही गेला. तिथं बाई आहे हे लक्षात आल्यावर त्यांनी हात मागं घेऊन नमस्कार केला. गयाबाईंनीही केला. साहेबांनी टोपी परत घातली.

"खरं बोलत हुता की मेला," गयाबाई म्हणाल्या, आणि ग्रीनच्या कडेला मटकन बसल्या. लिंबाजी गेला तेव्हा मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. आता पाहिलं.

"सुभेदार साब, ये कौन हैं? क्या हुआ?"

मी सावधान झालो आणि रिपोर्ट द्यावा तसं सगळं सांगितलं. ही लिंबाजी शिंगाडेची पत्नी. जनरल मला टोपी काढतात असं तो सांगायचा. गाव हसायचं, हीही हसायची. खरं काय ते बघायला ही आली. रात्रभर मेंढरं इथं बसवली ती त्याच्या जमिनीला खत म्हणून. आता हिला वाटतंय की साहेबांनी टोपी काढली ती लिंबाजीसाठी.

"आपने बताया नहीं, कि ये तो खेल का रिवाज है?"

"नहीं सर."

"क्यों?"

"सर, ऑर्डर नहीं था."

जनरल साहेब माझ्याकडं इतका वेळ बघत राहिले की माझी पेन्शन मला डोळ्यांसमोर दिसायला लागली. मग ते गयाबाईंच्या समोर गेले. टाचा जुळवल्या आणि टोपी पुन्हा काढली. या वेळी कुठला खेळ संपला नव्हता आणि हात कुणाशी मिळवायचा नव्हता. कर्नल साहेब, डॉक्टर, कॅप्टन बरुआ, सगळ्यांनी आपापल्या टोप्या काढल्या. यादवनं खराटा जमिनीवर ठेवला आणि सावधान उभा राहिला.

गयाबाईंनी डोळे पुसले आणि वर बघितलं. साहेब अजून तसेच उभे.

"बास झालं," त्या मला म्हणाल्या. "घाला म्हनाव आता. टकलाला गार वारं लागंल."

"क्या कहा?"

"सर, कह रही हैं, बहुत धन्यवाद."

बोर्ड त्याच सकाळी लागला. पडदा गयाबाईंनी काढला. ड्यूटीबद्दलची वरची हरकत कर्नल साहेबांनी सांगून ठेवली तेव्हा जनरल साहेबांनी विचारलं, "वो गिरा कहाँ?" सातव्या होलवर, सर. "क्या कर रहा था?" शिकवत होता, सर. "तो फिर?" विषय तिथं संपला. बिगुल वाजला, आम्ही दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिलो. त्या दोन मिनिटांत मेंढरं मात्र स्तब्ध राहिली नाहीत.

आता मी रिटायर होऊन बोरीत असतो. पलटणीतले जे सोबती परत आले नाहीत, त्यांची नावं मी रोज सकाळी रानाकडं जाताना मनातल्या मनात घेतो. कुणी बर्फात राहिला, कुणी गोळीनं गेला. लिंबाजीचं नाव मी त्यांच्यातच घेतो. एका जुन्या सोबत्यानं मला यावरून टोकलं, म्हणाला, तो काय लढाईत पडला होता का. नसेल पडला. वरून बोलावणं आलं तेव्हा तो आपल्या जागेवर होता, पायात बूट होते, आणि एका कर्नलला रागावत होता.